विथमच्या रानातला उजेड

ऑक्सफर्ड
मे महिन्याचा पहिला आठवडा

ती. आबांस,


ऑक्सफर्डच्या वायव्येला टेम्स नदी एका टेकडीला वळसा घालून जाते. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे टेपाडच वाटेल, कारण त्याची उंची जेमतेम 165 मीटर. या टेकडीच्या माथ्यावर आणि उतारांवर विथम वूड्स हे रान आहे. क्षेत्रफळ सुमारे 400 हेक्टर. सकाळी निघालेला माणूस बऱ्यापैकी रान पायाखाली घालून दुपारी जेवायला परत येऊ शकतो. वाघ-बिबट्यांचा तर प्रश्नच नाही. लांडगाही इंग्लंडातून काही शतकांपूर्वीच संपला. तरीही जगात ज्या रानांचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला आहे, त्यांत विथमचे नाव वरच्या ओळीत येते.

हे रान पूर्वी ॲबिंग्डनच्या अर्लच्या जहागिरीत होते. पुढे ते दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत पैसा कमावलेल्या रेमंड फेनेल यांच्याकडे आले. त्यांची एकुलती मुलगी हेझल 1939 मध्ये वारली आणि 1942 मध्ये ही जमीन ऑक्सफर्ड विद्यापीठाकडे गेली. हेझल हे तिथल्या एका झुडपाचेही नाव आहे आणि विथममध्ये ते मुबलक आहे. त्या झुडपाची गोष्ट पुढे येईल.

इंग्लंडात 1600 सालापासून सलग रान राहिलेल्या जमिनीला 'प्राचीन वन' म्हणतात. 1600 ही मर्यादा सोयीची आहे, कारण तेथून पुढचे बऱ्यापैकी नकाशे मिळतात आणि त्याआधी मुद्दाम झाडे लावून रान वाढवण्याची रीत फारशी नव्हती. विथमचा काही भाग असा प्राचीन आहे, काही भाग जुन्या कुरणांवर नंतर वाढलेला, तर काही सरळसरळ लावलेला. कुठला भाग कुठला हे कागदाशिवायही कळते, फक्त मान खाली घालून चालावे लागते. ब्लूबेल, वूड ॲनिमोन, डॉग्ज मर्क्युरी आणि रानलसूण या चार वनस्पती एकत्र आणि दाट दिसल्या, की जमीन बहुधा जुन्या रानाची समजावी. वूड ॲनिमोन जमिनीखालच्या खोडावाटे इतकी सावकाश सरकते, की शंभर वर्षांत तिची मजल जेमतेम दोन मीटरांपर्यंत जाते. तिच्या पांढऱ्या फुलांचा लांबरुंद पट्टा दिसला, तर त्यामागे किती शतके गेली असतील याचा हिशेब मनातल्या मनात होतो.

ही फुले मार्च ते मे एवढ्याच काळात का येतात, हे समजले की अर्धे रान समजले. ओक, ॲश, बीच, सिकमोर ही सगळी पानगळीची झाडे. हिवाळाभर ती उघडी असतात आणि मेच्या मध्यापर्यंत पानांचे छत पुरे मिटते. त्यानंतर जमिनीवर उजेड नावालाच पोचतो. खालच्या वनस्पतींच्या हाती थंडी ओसरणे आणि छत मिटणे यांच्या मधले काही आठवडे तेवढे असतात. ब्लूबेल कंदात अन्न साठवून ठेवते, इतरांच्या आधी पाने काढते, एप्रिलअखेर फुलते आणि जूनमध्ये पिवळी पडते. त्या पंधरा-वीस दिवसांत ओकांखालची जमीन दूरवर निळी दिसते. जवळ गेल्यावर निळेपण विरते आणि एकेक दांडा एका बाजूला वाकून पाच-सहा घंटा सांभाळताना दिसतो. फूल तोडल्याने होणारे नुकसान मर्यादित आहे. खरे नुकसान पाने तुडवण्याने होते, कारण पाने चेमटली की पुढच्या वर्षीचे अन्न कंदात जात नाही. पायवाट सोडू नये, असे तिथे वारंवार बजावतात ते यासाठीच. रानलसणीला पाटीची गरज नसते. ओलसर उतारावर पाय पडताच लसणाच्या पातीचा वास सुटतो, आणि कोवळी पाने चटणीला चालतात.

छताचा हाच हिशेब वरच्या मजल्यावर आणखी काटेकोर आहे. विंटर मॉथ नावाचा एक मळकट पतंग असतो. त्याच्या मादीला पंख जवळजवळ नसतातच. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री ती जमिनीतून निघून ओकच्या खोडावरून पायी चढते आणि शेंड्याकडे अंडी घालते. अंडी एप्रिलमध्ये, ओकच्या कळ्या उमलण्याच्या सुमारास फुटतात. अळी लवकर निघाली तर उपाशी मरते. उशिरा निघाली तर पाने जून झालेली असतात आणि त्यांत टॅनिन भरलेले असते. मेअखेर पोसलेल्या अळ्या रेशमाच्या धाग्याला लोंबकळत खाली येतात आणि मातीत शिरतात. त्या दिवसांत ओकखालून जाणाऱ्याच्या टोपीवर दोन-चार अळ्या हमखास असतात.

या अळ्यांवर ग्रेट टिट हा चिमणीएवढा, काळ्या डोक्याचा, पांढऱ्या गालांचा आणि पिवळ्या पोटाचा पक्षी जगतो. त्याचा राखी भाऊबंद सह्याद्रीतही दिसतो. ग्रेट टिटची मादी रोज एक याप्रमाणे आठ-नऊ अंडी घालते, पिल्ले घरट्यातच वाढतात आणि आईबाप दिवसभर अळ्या वाहतात. डेव्हिड लॅक यांनी 1947 मध्ये विथमच्या मार्ली वूड भागात लाकडी पेट्या टांगून या पक्ष्यांची मोजणी सुरू केली आणि ती आजवर चालू आहे. आता रानात हजाराहून अधिक पेट्या आहेत. प्रत्येकीवर क्रमांक असतो. वसंतात संशोधक पेटी उघडून अंडी मोजतात आणि पिल्ले साधारण पंधरा दिवसांची झाली की त्यांच्या पायात कडी घालतात. पूर्वी वीझल हा लहानसा शिकारी लाकडी पेट्यांत शिरून सगळी पिल्ले फस्त करी. म्हणून 1970च्या दशकात लाकडाच्या जागी सिमेंटमिश्रित पेट्या आल्या. वीझलची उपासमार झाली असेल, पण आकडेवारी सुधारली.

इतक्या वर्षांच्या नोंदींचा मोबदला मोठा आहे. वसंत ऋतू आता लवकर उबदार होतो. त्याप्रमाणे ओक लवकर फुटतो, अळ्या लवकर येतात आणि ग्रेट टिटने आपले वेळापत्रकही सरकवले. 1961 ते 2007 या काळात अंडी घालण्याची तारीख सुमारे 14 दिवसांनी अलीकडे आली. हवामानबदलावर अनेक पाने लिहिता येतात. विथममध्ये तो पेटी उघडून दिसतो.

उजेडाची किंमत किती, हे मात्र एका फुलपाखराने सर्वांत नेटके दाखवले. स्पेकल्ड वूड हे तपकिरी पंखांवर फिकट ठिपके असलेले फुलपाखरू. पानांतून जमिनीवर पडलेला उन्हाचा एखादा कवडसा त्याचा नर अडवून बसतो, कारण माद्या तिथेच येतात. दुसरा नर आला की दोघे भोवऱ्यासारखे गरगरत वर जातात. दोन-चार सेकंदांत एक परत येतो, आणि तो नेहमी आधीचा मालकच असतो. निक डेव्हिस यांनी विथममध्ये हे तपासून 1978 मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी मालकाला उचलून थोडा वेळ दूर ठेवले. तेवढ्यात दुसऱ्याने कवडसा बळकावला. मग पहिल्याला सोडले, तर नवा मालक जिंकला आणि जुना निमूट निघून गेला. दोघांनाही आपणच मालक असल्याची समजूत करून दिली, तेव्हा मात्र भांडण कितीतरी पट लांबले. ज्यांनी बांधावरून चाललेले दावे पाहिले आहेत, त्यांना या प्रयोगाचे वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

आता हेझल. हे झुडूप बुंध्याशी तोडले तर मरत नाही. उसाच्या खोडव्यासारखे पुन्हा धुमारे टाकते. सात ते दहा वर्षांत मनगटाएवढे सरळ सोट तयार होतात. ते पुन्हा तोडायचे. त्यांपासून कुंपणाच्या ताट्या, काठ्या आणि जळण मिळायचे. या पद्धतीला कॉपिसिंग म्हणतात. कोकणात राबासाठी कवळ तोडतात, त्यातही पुन्हा फुटण्यावरच भिस्त असते. फरक इतकाच, की तिथे फांद्या तोडतात आणि इथे झुडूप जमिनीपाशी. रानाचा एकेक तुकडा पाळीपाळीने उघडा होई, तिथे उजेड शिरे, फुले आणि फुलपाखरे येत, पुढे दाट झाडोऱ्यात नाइटिंगेल घरटे करी. जळणाला कोळसा आला, कुंपणाला तार आली आणि विसाव्या शतकात ही तोड बहुतेक ठिकाणी थांबली. रान वाचले असे वाटले. प्रत्यक्षात ते आत अंधारून आले. कुऱ्हाड थांबल्याने रान सुधारतेच, हा शहरी समज इंग्लंडातल्या रानांना लागू पडत नाही.

तोड थांबली तरी खाणारे वाढले. त्यांतला एक नातलग सह्याद्रीतल्या माणसाला लगेच ओळखू येईल: भेकर. इंग्लंडातला मुंटजॅक हा चिनी जातीचा, भारतीय भेकराहून लहान आणि भुंकणारा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो बेडफर्डशरमधल्या वोबर्नच्या उद्यानात आणला गेला, तिथून आणि इतर ठिकाणांहून निसटला आणि दक्षिण इंग्लंडभर पसरला. विथममध्ये त्याच्या जोडीला फॅलो आणि रो ही हरणेही आहेत. त्यांना खाणारे कोणी नाही. 1974 मध्ये विथममध्ये दहा मीटर बाजूचे 164 कायमचे चौरस आखून वनस्पती नोंदल्या होत्या. 1990च्या दशकाच्या आरंभी तेच चौरस पुन्हा पाहिले, तर ब्रॅम्बल ही काटेरी वेल कमालीची घटली होती आणि गवत माजले होते. ब्रॅम्बल गेली म्हणजे तिच्यात घरटी करणारे पक्षीही गेले. रानाभोवती उंच कुंपण घालून आणि हरणे मारून संख्या खाली आणल्यावर ब्रॅम्बल परतली.

संध्याकाळनंतर मामला बॅजरांचा. हा अंगाने डुकराच्या पिलाएवढा, तोंडावर काळेपांढरे पट्टे असलेला प्राणी पिढ्यान्‌पिढ्या एकाच बिळात राहतो. काही बिळांना डझनभर तोंडे असतात. त्याचा मुख्य आहार गांडुळे, आणि एका रात्रीत तो शेकड्यांनी खातो. विथममध्ये बॅजरांची दाटी फार मोठी आहे. त्याला पाहायचे तर मेमध्ये, सूर्यास्तापूर्वी, वारा आपल्या तोंडावर येईल अशा जागी गप्प बसावे. पट्ट्यांचे नाक आधी बाहेर येते, वास घेते, पुन्हा आत जाते. मग तो निघतो. कधी वाळके गवत आणि पाने यांचा भारा हनुवटी आणि पुढच्या पायांत धरून तो उलटा, शेपटीकडून, झुलत झुलत बिळाकडे जातो. अंथरूण बदलण्याचे हे काम तो इतक्या गंभीरपणे करतो, की पाहणाऱ्याला हसू दाबावे लागते. कोल्हाही दिसतो, पण इसापनीतीच्या भाषांतरांनी ज्याला 'कोल्हा' म्हटले तो प्राणी आपल्या खोकडाच्या जवळचा आहे, कोल्ह्याच्या नव्हे.

अंधार पडल्यावर टॉनी घुबड बोलू लागते. त्याची प्रसिद्ध हाक प्रत्यक्षात दोघांची असते: मादी 'की-विक' म्हणते, नर लांब 'हूऽऽ' करून उत्तर देतो. एच. एन. सदर्न यांनी विथममध्ये 1947 पासून बारा-तेरा वर्षे ही घुबडे मोजली. उंदीर घटले की घुबडांची वीण थांबते. 1958 हे उंदरांचे दुष्काळी वर्ष, तेव्हा एकाही जोडीने पिल्ले काढली नाहीत.

पायवाटांचा कायदा हा इंग्लंडातल्या फिरस्त्याचा खरा आधार. खासगी शेतातून किंवा रानातून गेलेली जुनी वाट कायद्याने सार्वजनिक असू शकते आणि मालकाला ती अडवता येत नाही. 1949च्या कायद्याने अशा वाटांचे अधिकृत नकाशे करणे परगण्यांवर बंधनकारक केले. पिवळा बाण म्हणजे पायी जाणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडा आणि सायकलही चालेल. विथमचे रान बहुतांशी या सोयीबाहेर आहे. तिथे विद्यापीठाचा परवाना लागतो, आणि कुत्रा घरी ठेवावा लागतो. रानातल्या एका वाटेला 'सिंगिंग वे' म्हणतात. यात्रेकरू तेथून गात जात असत असे सांगतात. एवढ्या वाटा तुडवायच्या तर गुडघ्यापर्यंतचे बूट हवेत. चिकणमाती हिवाळाभर सुटत नाही, आणि उन्हाळ्यात उंच गवतातून चालले तर घरी आल्यावर गोचीड शोधावी. तिच्यातून लाइम हा आजार होतो.

एक गोष्ट मात्र सध्या रानभर दिसते. 2012 मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम सापडलेला बुरशीजन्य रोग ॲशच्या झाडांना शेंड्याकडून वाळवत आहे, आणि विथममध्ये ॲश भरपूर आहे. वाटेजवळची वाळलेली झाडे पडण्याच्या भीतीने तोडावी लागतात. आतली तशीच ठेवतात. चार्ल्स एल्टन यांनी विथमच्याच पाहणीतून फार पूर्वी दाखवले होते, की रानातल्या प्राणिजातींपैकी पाचवा हिस्सा किंवा अधिक मेलेल्या लाकडावर अवलंबून असतो. तिथे सध्या असे लाकूड कमी नाही, आणि ॲशने सोडलेल्या जागी उजेड खाली उतरला आहे.

आबा, तुम्हांला हे रान पाहायचे असेल तर तिकीट एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याचे काढावे. ब्लूबेल आणि बॅजरची पिल्ले दोन्ही सापडतात. जूनमध्ये आल्यास ब्लूबेलची फुले संपलेली असतील.

आपला नातू