चोक, किक आणि बाबा

जानेवारीतली पुण्याची सकाळ. पारा १० च्या खाली. साडेआठला हिंजवडीत मीटिंग आणि मी पार्किंगमध्ये किकवर किक मारतोय! माझी सेल्फ-स्टार्टवाली सर्व्हिसिंगला, म्हणून बाबांची जुनी बाइक काढली होती. दहाव्या किकला जॅकेट उतरवलं. पंधराव्याला ठरवलं, बस्स, ही विकायचीच.

तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, ‘‘आधी चावी बंद कर.’’

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर बाबांचं किक मारणं संपलंय. तरी एकेक पायरी करत खाली आले. ‘‘अरे, थंडीत पेट्रोलची वाफ नीट होत नाही. चोक दिला की हवा कमी जाते, पेट्रोल जास्त. आणि रेस पिळू नकोस, मग चोकचा उपयोगच राहत नाही.’’

चोक दिला. चावी बंद ठेवून तीन-चार सावकाश किक. मग चावी चालू आणि एकच किक, पण पूर्ण. सुरू!

‘‘आता मिनिटभर थांब. इंजिन गरम होऊ दे, मग चोक बंद कर.’’

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, बहुतेक नव्या गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं आणि चोक गेला. त्याच्याबरोबर ते मिनिटभर थांबणंही गेलं. त्या मिनिटात बाबा टाकीवर हात ठेवून उभे होते. याच टाकीवर बसवून ते मला शाळेत सोडायचे.

मीटिंगला उशीर झालाच. गाडी विकायचा विषय मात्र मी घरी काढला नाही. आता दर रविवारी सकाळी ती सुरू करतो. येत असूनही हाक मारतो, ‘‘बाबा, चोक किती देऊ?’’