दरबाराविना राजाश्रय

कलावंताने सरकारपुढे हात पसरू नये, असं मी बरीच वर्षं ठामपणे मानत आले. तसं लिहिलं, सभांमधून बोलले, अनुदानाची बाजू घेणाऱ्या मित्रांशी वाद घातले. आज माझं मत तसं नाही. ते का बदललं हे नीट सांगायला हवं, कारण जुनं मत हवेतून आलेलं नव्हतं आणि त्यातला एक भाग अजूनही माझ्याकडून सुटत नाही.

मराठी नाटकावर वाढलेल्या माणसाला लोकाश्रयाचा अभिमान असतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. राजे गेले, आश्रय संपला, आणि भाव्यांना मंडळी घेऊन बाहेर पडावं लागलं. मराठी रंगभूमी खरी उभी राहिली ती तिकीट लावून केलेल्या खेळांवर. संगीत नाटकं, कंपन्या, गावोगावचे दौरे, सारं प्रेक्षकाने पोसलं. त्यात १९७५चं कऱ्हाडचं साहित्य संमेलन. आणीबाणीत दुर्गाबाई भागवत अध्यक्षपदावरून उघडपणे सत्तेविरुद्ध उभ्या राहिल्या. ज्याच्यावर सरकारचं ऋण नाही तोच असा उभा राहू शकतो, हा अर्थ मी त्यातून घेतला. पुढे स्वतःच्या डोळ्यांनीही पाहिलं: फाइल पुढे सरकावी म्हणून दालनाबाहेर ताटकळणारे ज्येष्ठ नट, आणि समितीत कोण बसलंय ते पाहून संहिता बदलणारे तरुण. मिंधेपण माणसाच्या आवाजात उतरतं.

माझा विचार हलला तो आयर्लंडमुळे. सिंज आणि ओ’केसी या आयरिश लेखकांच्या नाटकांमागे जाताना त्या देशाचा सांस्कृतिक इतिहास मी वाचत गेले. तिथली लोकसंख्या २०२२च्या जनगणनेत सुमारे ५१ लाख. आपल्या एकट्या पुणे जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत ९४ लाख माणसं होती. मराठी चित्रपटाला निदान मराठीचा आडोसा आहे. आयरिश माणसाची रोजची भाषा मात्र बहुतेक इंग्रजी, म्हणजे लंडनचं नाटक आणि हॉलिवूडचा चित्रपट थेट त्याच्या दारात. आणि मूळची आयरिश भाषा शाळेबाहेर रोज बोलणारी माणसं २०२२च्या जनगणनेत सुमारे ७२ हजार. लोकाश्रय म्हणायचं तर आधी तेवढे लोक हवेत. बहात्तर हजारांच्या तिकिटांवर कोणता निर्माता चित्रपट काढील? माझा सारा युक्तिवाद मोठ्या भाषेतल्या माणसाचा होता, हे तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

तरी मिंधेपणाचा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर मला डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या इतिहासात सापडलं. डब्ल्यू. बी. येट्स आणि लेडी ग्रेगरी यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं हे नाट्यगृह १९०४ साली सुरू झालं. १९२५मध्ये अर्थमंत्री अर्नेस्ट ब्लाइद यांनी त्याला ८५० पौंडांचं वार्षिक अनुदान दिलं, आणि इंग्रजी भाषक जगात सरकारी अनुदान मिळालेलं ते पहिलं नाट्यगृह ठरलं. देश नुकताच स्वतंत्र झालेला, यादवी युद्धातून जेमतेम बाहेर पडलेला. याच ब्लाइद यांनी आदल्या वर्षी वृद्धांचं पेन्शन आठवड्याला १० शिलिंगांवरून ९ वर आणलं होतं. म्हाताऱ्यांच्या तोंडचा शिलिंग काढायचा आणि नाटकवाल्यांना पैसे द्यायचे, हा आक्षेप मला आजही क्षुल्लक वाटत नाही. ती कपात अन्यायाचीच होती. पण ८५० पौंड वाचवून ती भरून निघाली नसती, आणि त्या ८५० पौंडांमुळे टिकलेलं नाट्यगृह शंभर वर्षांनंतरही चालू आहे.

अनुदानाबरोबर संचालक मंडळावर सरकारचा एक माणूस आला, अर्थशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज ओ’ब्रायन. शॉन ओ’केसी यांचं ‘द प्लाउ अँड द स्टार्स’ वाचून त्यांनी हरकत घेतली. नाटकात वेश्येचं पात्र होतं, भाषा त्यांना असभ्य वाटली, आणि अनुदान धोक्यात येईल अशी त्यांना धास्ती होती. मला ज्याची भीती वाटायची ते अगदी वर्षभरातच घडलं होतं. पण लेडी ग्रेगरींनी स्पष्ट भूमिका घेतली की अनुदान आणि स्वातंत्र्य यांतलं एकच निवडायचं असेल तर आम्ही स्वातंत्र्य निवडू. थोडी काटछाट झाली, वेश्येचं पात्र राहिलं, आणि फेब्रुवारी १९२६मध्ये नाटक रंगमंचावर आलं. ज्या १९१६च्या उठावातून ते राष्ट्र जन्मलं, त्याच उठावाकडे गरिबांच्या चाळीतून पाहणारं हे नाटक. प्रेक्षागृहात दंगल झाली, हुतात्म्यांच्या घरच्या स्त्रियांनी निषेध केला, येट्स रंगमंचावर येऊन प्रेक्षकांवर कडाडले. अनुदान मात्र बंद झालं नाही.

त्याच देशाने १९२९मध्ये पुस्तकांवरच्या सेन्सॉरशिपचा कायदा केला. पुढे केट ओ’ब्रायन, एडना ओ’ब्रायन यांच्या कादंबऱ्यांवर बंदी आली. १९६५मध्ये जॉन मॅकगहर्न यांच्या ‘द डार्क’वर बंदी आली आणि त्यांची शिक्षकाची नोकरीही गेली. या लेखकांना सरकारने लेखनासाठी पोसलं नव्हतं, तरी तोंड दाबलंच. मग मला आपल्याकडचं आठवलं. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये सरकारचा पैसा नव्हता, तरी कमलाकर सारंगांना परिनिरीक्षण मंडळाशी उच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं. सत्तेला गळा आवळायचा असेल तर त्यासाठी आधी पैसे द्यावे लागत नाहीत. अनुदान नाकारून स्वातंत्र्य राखता येतं, ही माझी समजूत इथे ढासळली.

आयर्लंडचे सगळेच निर्णय मला पटत नाहीत. १९६९मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री चार्ल्स हॉही यांनी लेखक-कलावंतांचं उत्पन्न करमुक्त केलं. त्याचं फार कौतुक झालं, पण ज्या कवीचं उत्पन्न कराच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही त्याला त्याचा काय उपयोग? लाभ मोठं कमावणाऱ्यांना झाला. म्हणून पुढे त्यावर कमाल मर्यादा घालावी लागली. १९८१ची ‘ओसदाना’ ही संस्था मला अधिक शहाणपणाची वाटते. तिच्यामागे कवी अँथनी क्रोनिन होते. पॅट्रिक कॅव्हनासारख्या कवीचं डब्लिनमधलं दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिलं होतं. या संस्थेत सदस्यांची निवड कलावंतच करतात, मंत्री नाही, आणि अपुरं उत्पन्न असलेल्या सदस्यांना मानधन मिळतं. अर्थात यात गोतावळा तयार होण्याचा धोका असतोच.

चित्रपटाचं उदाहरण मला अधिक बोलकं वाटतं, कारण तिथे आधार काढून घेतल्यावर काय होतं तेही दिसतं. १९८१मध्ये सुरू झालेलं सरकारी फिल्म बोर्ड १९८७मध्ये खर्चकपातीत बंद झालं. पुढच्या काही वर्षांत ‘माय लेफ्ट फूट’ आणि ‘द क्राइंग गेम’ यांनी ऑस्कर मिळवले. गोष्टी आयरिश, दिग्दर्शक आयरिश, पण त्यांत ब्रिटिश पैशाचा वाटा मोठा. १९९३मध्ये मायकल डी. हिगिन्स या कवी-मंत्र्याने बोर्ड पुन्हा उभं केलं. दीड लाख युरोंहूनही कमी खर्चात झालेला ‘वन्स’ त्याच बोर्डाच्या आधाराने निघाला आणि त्यातल्या गाण्याला ऑस्कर मिळालं. क्लेअर कीगन यांच्या कथेवरचा, बहुतांशी आयरिश भाषेतला ‘अन कॅलीन क्यून’ सार्वजनिक पैशातून झाला आणि २०२३मध्ये ऑस्कर नामांकनापर्यंत पोहोचलेला त्या भाषेतला पहिला चित्रपट ठरला. बाजारावर सोडला असता तर तो निघालाच नसता.

माझा उरलासुरला विरोध संपवला तो २०२२च्या मूलभूत उत्पन्न योजनेने. २ हजार कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षं. अर्जदार खरोखर कलेच्या क्षेत्रात काम करतो का, एवढंच तपासलं. पात्र ठरलेल्या ८ हजारांहून अधिक जणांमधून निवड झाली ती सोडतीने. तुमचं नाटक सरकारवर टीका करतं की आरती ओवाळतं, हे विचारणारं कुणी नव्हतं. ताटकळायला दालन नव्हतं, ओळख काढायला समिती नव्हती. सरकारी मूल्यमापनात खर्चापेक्षा लाभ जास्त निघाला. तो आकडा मंत्र्यांना उपयोगी पडेल. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की पैसे मिळालेल्या माणसाला कुणाचे आभार मानायचे तेच ठरवता येत नाही. मी इतकी वर्षं ज्याला विरोध करत होते तो दरबार होता. राजाश्रय दरबार वगळूनही देता येतो, हे आयर्लंडने करून दाखवलं.

आपल्या राज्यात सरकार वृद्ध साहित्यिकांना आणि कलावंतांना मानधन देतं. ते द्यायलाच हवं. पण हात चालत असताना, पहिली कादंबरी किंवा दुसरं नाटक लिहिताना मिळालेला आधार कामात उतरतो, आणि छोट्या भाषांना तोच हवा असतो. कोकणी बोलणारे २०११मध्ये सुमारे साडेबावीस लाख होते. ‘तियात्र’ हे कोकणी लोकनाट्य तिकिटावर चालतं, पण कोकणी चित्रपटाला तेवढा प्रेक्षक कुठून मिळणार? गोव्यातल्या धोरणकर्त्यांनी डब्लिनचा मूलभूत उत्पन्नाचा प्रयोग जरूर अभ्यासावा.

आयरिश सरकारने ही योजना कायम करण्याचं जाहीर केलं आहे. माझ्या मते ते अपुरं आहे. पहिल्या सोडतीत पात्र असूनही सहा हजारांवर कलावंत बाहेर राहिले. संख्या वाढवावी, सोडत तशीच ठेवावी, आणि निवडीत मंत्र्याला कधीही जागा देऊ नये.