पकडायचे आणि सोडायचे

२४ नोव्हेंबर २०२५

विद्यापीठाच्या मुलींच्या रग्बी संघाच्या निवड शिबिराचा पहिला दिवस. सहा वाजता नागपुरात रविनगरच्या मैदानावर इतके दव होते की चेंडू हातात ठरेना. एकोणीस मुली आल्या. अकरा कबड्डीच्या, चार खो-खोच्या, दोन धावपटू, एक हँडबॉलची. आणि काटोलची एकटी अशी, जी रग्बी आधीपासून खेळते. ती एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायची तिची ही शेवटची संधी.

उमरेडच्या मुलीच्या हातात चेंडू दिला तर म्हणाली, "मॅडम, हा तर पपईवानी हाये." सगळ्या हसल्या. मग मी नियम सांगितला: चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही. पुढे न्यायचा तर घेऊन पळा, नाहीतर मागे असलेल्या मैत्रिणीला द्या. उमरेडवाली थोडा वेळ विचारात पडली. "मंग मागं कोणी असनच नाही तर?"

पहिल्या दिवशी इतका नेमका प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

२६ नोव्हेंबर

टॅकल सुरू केले. कबड्डीच्या मुलींना खाली वाकून पाय धरायला शिकवावे लागत नाही. कोपऱ्यात उभे राहून चढाईपटूचा घोटा ओढण्यात त्यांची पाच-सहा वर्षे गेली आहेत. डोके कुठे ठेवायचे एवढे मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते. समोरचीच्या मागच्या बाजूला गाल टेकला पाहिजे, डोके गुडघ्यांच्या वाटेत येता कामा नये. आणि दोन्ही हातांचा विळखा हवाच. नुसता खांदा मारला की फाउल.

खरी अडचण त्यानंतरची. कबड्डीत पकड बसली की श्वास तुटेपर्यंत सोडायचे नाही. रग्बीत समोरची जमिनीवर आली की त्याच क्षणी तिला सोडायचे, आणि तिनेही चेंडू सोडायचा. या मुलींच्या हातांना सोडणे माहीतच नाही. सावनेरच्या मुलीने आज सलग सात वेळा पेनल्टी दिली. आठव्यांदा ती मातीत बसून म्हणाली, "मॅडम, हात ऐकूनच नाही राहिले." मी तिच्याशेजारी बसले. काटोलवालीने तिला उठवले आणि दोघी बाजूला जाऊन अर्धा तास तेवढेच करत राहिल्या. पकड, पाड, सोड. पकड, पाड, सोड.

२७ नोव्हेंबर, रात्र

झोप येईना म्हणून कलकत्ता कपबद्दलची जुनी टिपणे काढली. उद्या मुलींना सांगायचे आहे.

१८७२च्या नाताळात कोलकात्यात इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला. एकीकडे इंग्लंडचे, दुसरीकडे स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे. त्यातून क्लब निघाला. पण उकाडा तो उकाडा. माणसे पोलो आणि टेनिसकडे वळली आणि १८७८ साली क्लब मोडला. बँकेत चांदीचे २७० रुपये शिल्लक होते. ते वाटून घ्यायचे की मेजवानीत उडवायचे? त्यांनी ते काढले, वितळवले आणि आपल्या कारागिरांकडून एक चषक घडवून घेतला. तीन मुठी, तिन्ही नागाच्या, झाकणावर हत्ती. तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. १८७९पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच चषकासाठी लढतात. जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय रग्बी चषकाची चांदी आपल्या देशातल्या रुपयांची आहे, हे या मुलींना कुणीतरी सांगायलाच हवे.

क्लब मोडला म्हणून दुःख करण्यापेक्षा मला त्या चषकाचा विचार करायला आवडतो.

३० नोव्हेंबर

रविवार. सराव हलका ठेवला. नंतर झाडाखाली बसून मोबाइलवर मनीलाचा सामना पाहिला. जून २०१९, भारत विरुद्ध सिंगापूर, पंधरा जणींची रग्बी. आपला महिला संघ पंधराच्या खेळात पहिल्यांदा उतरला तो २०१८ साली. वर्षभरात त्याने पहिला विजय मिळवला, २१-१९. कर्णधार पुण्याची वाहबीज भरूचा. ती फिजिओथेरपिस्टही आहे. शेवटच्या टप्प्यात ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टी मारली आणि सामना हातात आला.

मुलींनी ती पेनल्टी चार वेळा मागे नेऊन पाहिली. रामटेकची मुलगी म्हणाली, "पुण्याची हाये म्हंता? मराठीत बोलते का ओ मॅडम?" तिच्या मनातला प्रश्न मला समजला. आपल्यासारखी कुणी तिथे उभी राहू शकते का, एवढेच तिला विचारायचे होते. मग मी त्यांना यंदाच्या सप्टेंबरमधल्या महिला विश्वचषकाचा अंतिम सामनाही दाखवला. ट्विकनहॅम, इंग्लंड ३३, कॅनडा १३, आणि स्टेडियममध्ये ८१,८८५ माणसे. आकडा ऐकून सगळ्या गप्प झाल्या. आमच्या सरावाला रोज बघे असतात ते तीन. एक मैदानाचे मामा, एक फिरायला येणारे आजोबा, आणि चहावाला.

३ डिसेंबर

आज एका मुलीच्या वडिलांचा फोन आला. "कबड्डी ठीक होती, हे काय नवीन?" मी त्यांना मैदानावर यायला सांगितले. आले, पाऊण तास उभे राहिले. जाताना एवढेच म्हणाले, "दातात घालायची ती गादी मी आणून देतो तिले."

त्या आनंदात मुलींना पॅरिसची गोष्ट सांगितली. गेले कित्येक दिवस ती माझ्या डोक्यात आहे, कारण विद्यापीठांच्या रग्बीत याहून मोठे यश माझ्या तरी माहितीत नाही.

१९०५च्या हंगामात अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलमध्ये इतकी पोरे दगावली की प्रकरण राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेले. तेव्हा कॅलिफोर्नियातली स्टॅनफर्ड आणि बर्कली ही दोन विद्यापीठे, खेळात एकमेकांची हाडवैरी, १९०६ साली तो खेळ बाजूला ठेवून रग्बी खेळू लागली. न्यूझीलंडचा संघ १९१३ साली बर्कलीला आला आणि अमेरिकेला ५१-३ असे लोळवून गेला. पुढे काही वर्षांत दोन्ही विद्यापीठे आपल्या जुन्या खेळाकडे परतली. रग्बी संपली असेच कुणालाही वाटले असते.

पण शिकलेली माणसे होती. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला अमेरिकेचा जो संघ गेला, तो जवळजवळ सगळा या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठांतला. त्यांनी फ्रान्सला ८-० हरवले. १९२४ साली पॅरिसला पुन्हा गेले. या वेळी काही जण रग्बीला अगदी नवे होते, अमेरिकन फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल खेळणारे. पण अंगात जोर होता आणि माणूस खाली पाडायची कला होती. तेवढ्या भांडवलावर ते समुद्र ओलांडून गेले. १८ मे रोजी कोलोंबच्या मैदानावर प्रेक्षक त्यांची हुर्यो उडवत होते, स्टँडमध्ये मारामाऱ्या झाल्या. त्यांनी फ्रान्सला १७-३ हरवले. त्यानंतर ऑलिंपिकमधून रग्बीच काढून टाकली गेली. ती परत आली ९२ वर्षांनी, २०१६ साली रिओला, आणि तीही सात जणांची. म्हणजे पंधराच्या रग्बीचे ऑलिंपिक विजेतेपद आजही त्या कॉलेजच्या पोरांच्या नावावर आहे.

"म्हंजे त्याईलेबी रग्बी येत नव्हती?" उमरेडवालीने विचारले.

काहींना नव्हती येत, म्हटले. पकड येत होती.

संध्याकाळच्या सरावात अकराही कबड्डीवाल्या वेगळ्याच ताठ्यात उतरल्या.

६ डिसेंबर

आज सराव नाही. सकाळी दीक्षाभूमीला गेले. रांगेत शिबिरातल्या पाच मुली भेटल्या, पांढऱ्या कपड्यांत, घरच्यांबरोबर. सावनेरवालीच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

९ डिसेंबर

विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद. हिंगण्याची मुलगी बस अडकल्यामुळे पाऊण तास उशिरा आली, धावतच. जमीन आता दगडासारखी झाली आहे. टॅकलचा सराव वाळूच्या खड्ड्यात हलवला, तरी दोघींचे गुडघे सोलले. हळद लावून पुन्हा उभ्या राहिल्या. गवताचे मैदान मिळत नाही याचा मला राग येतो आणि तो राग मी गिळणार नाही. या खेळात शरीर रोज जमिनीवर पडते. जमीन मऊ असणे ही चैन नव्हे.

तरी या गावात मैदान नाही म्हणून कुणी थांबल्याचे मला आठवत नाही. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे सरांनी २००१ साली पावसात मोडकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली पोरे पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरला २०१६ साली फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. आणि अमरावती तर माझे दुसरे घर. बी.पी.एड. मी तिथलेच. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जगाला कबड्डी दाखवली, हे आमच्या सरांनी इतक्या वेळा सांगितले की कधी कधी वाटते मीच तिथे होते. आज मी त्याच कबड्डीच्या मुलींना एक परका खेळ शिकवते आहे. सर असते तर त्यांना हे आवडले असते, असे माझे मन सांगते.

११ डिसेंबर

बर्कलीचे पुढे काय झाले तेही वाचले. अमेरिकेत विद्यापीठांची राष्ट्रीय स्पर्धा १९८० साली सुरू झाली आणि पहिले अजिंक्यपद त्यांनीच घेतले. मग १९९१ ते २००२, सलग बारा वर्षे तेच विजेते, प्रशिक्षक जॅक क्लार्क. मला अजिंक्यपदांपेक्षा एकच गोष्ट खुणावते. चार वर्षांत विद्यापीठाचा संघ पूर्ण बदलतो. म्हणजे त्या बारा वर्षांत पोरे किमान तीनदा नवी झाली, आणि संघ मात्र तोच राहिला. हे कसे होते? प्रशिक्षक एकटा हे करू शकत नाही, हे मला माझ्या अनुभवाने माहीत आहे. मी सकाळी दोन तास असते. उरलेल्या दिवसात हॉस्टेलवर, बसमध्ये, चहाच्या टपरीवर जे शिकवले जाते ते मोठ्या मुली शिकवतात.

आमचा संघ दर वर्षी नव्याने सुरू होतो. काटोलवाली यंदा जाईल. तिच्या आधीच्या दोघी न शिकवताच गेल्या. लग्न झाले, नोकरी लागली. दोष त्यांचा नाही. मी त्यांना तेवढी सवड दिली नव्हती. या वर्षी वेगळे करायचे आहे.

१३ डिसेंबर

बारा नावे लावली. सातांच्या रग्बीत बाराच न्यायच्या. सात सात मिनिटांचे दोन डाव, पण तेवढ्यात फुप्फुसे फाटतात. यादी लावून मी मुद्दाम तिथून दूर गेले नाही, उभी राहिले. सात मुली यादीबाहेर राहिल्या. उमरेडवालीही राहिली. तिचा पास अजून कच्चा आहे, पुढच्या वर्षी नक्की येईल, हे मी तिला तोंडावर सांगितले. ती रडली. मीही तिच्यासमोर डोळे लपवले नाहीत.

यादीत शेवटचे नाव सावनेरवालीचे.

१४ डिसेंबर

आज रविवार, सुट्टी दिली होती. चाव्या विसरल्या म्हणून साडेसहाला मैदानावर गेले. धुक्यात तीन मुली. काटोलवाली, सावनेरवाली आणि उमरेडवाली. काटोलवाली चेंडू घेऊन धावत येत होती आणि उमरेडवाली तिला पाडत होती. सावनेरवाली बाजूला वाकून उभी, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि प्रत्येक वेळी अंग जमिनीला लागले की ओरडत होती, "सोड! आता सोड!"

मी हाक न मारता कुंपणाशी उभी राहिले. सूर्य वर येईपर्यंत त्यांचे तेच चालले होते.