स्कूकलकाठची शाळा

पेनसिल्व्हेनिया राज्यात मुलांना घरी शिकवायचं असेल तर दरवर्षी तसं शपथपत्र द्यावं लागतं. काय शिकवायचं याची यादी कायद्यानेच ठरवून दिली आहे. इंग्रजी, गणित, विज्ञान, भूगोल, देशाचा आणि राज्याचा इतिहास, नागरिकशास्त्र, आरोग्य, संगीत, चित्रकला हे तर आहेच. त्याशिवाय एक वेगळी ओळ आहे : आगीचे धोके आणि आग लागू नये म्हणून घ्यायची काळजी मुलांना नियमितपणे शिकवली पाहिजे. कायदा १९८८ सालचा. वर्षाला १८० दिवस, किंवा प्राथमिक वर्गांसाठी ९०० तास, मुलांच्या कामाची फाइल, वाचलेल्या पुस्तकांची यादी, आणि वर्षअखेरीला एका पात्र शिक्षकाने मुलांशी बोलून, फाइल चाळून दिलेलं पत्र, एवढं सगळं लागतं. अमेरिकेतल्या काही राज्यांत यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. तिथे राहणाऱ्या मैत्रिणींना आमच्याकडचा व्याप जाचक वाटतो. मला तो आवडतो. मूल माझं असलं तरी ते काय शिकतंय यावर माझ्याखेरीज आणखी कुणाची तरी नजर असावी, याने मला धीर येतो.

आम्ही फिलाडेल्फियाच्या वायव्येला, ईस्ट फॉल्स भागात राहतो. मोठी मुलगी सात वर्षांची, धाकटा पाच. मोठी एक वर्ष शाळेत जात होती. तिथल्या बाई प्रेमळ होत्या, वर्ग आनंदी होता. पण विषय भराभर बदलायचे आणि ही मागच्याच प्रश्नापाशी उभी असायची. पावसाबद्दल काही ऐकून आली की आठवडाभर घरात पाऊसच चालायचा, तोवर वर्ग नाण्यांवर पोचलेला. तिला हवं तितकं थांबू द्यावं असं आम्हा दोघांना वाटलं. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीशी बांधलेला, मला इथे नोकरी करायची परवानगी नाही. म्हणजे वेळ होता. मग एका उन्हाळ्यात शपथपत्र भरलं.

इथे घरी शिकवणारे बरेच पालक ‘युनिट स्टडी’ करतात. एक विषय धरायचा आणि वाचन, लेखन, मोजमाप, इतिहास, विज्ञान सगळं त्याच्या अनुषंगाने येऊ द्यायचं. हातांनी काही करायचं, बाहेर जाऊन प्रत्यक्ष बघायचं. मला यात नवं काही शिकतोय असं वाटलं नाही. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर हेच केलं होतं, आणि कितीतरी कठीण परिस्थितीत. शिंपले, बिया, पानं, खडे ही त्यांची शैक्षणिक साधनं. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळाच त्यांच्याकडे नेऊ म्हणून ताराबाईंनी कुरणशाळा काढली. घरी शिकवण्याबद्दलची इंग्रजी पुस्तकं मी पुष्कळ वाचली, पण अडल्यावर मला आठवते ती कुरणशाळाच. मुलं जिथे आहेत आणि आजूबाजूला जे आहे, तिथून सुरुवात.

आमच्या आजूबाजूला नदी आहे. स्कूकल नदी घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी विषय नदीवरून निघाला नाही, नळावरून निघाला. ‘आई, हे पाणी कुठून येतं गं?’ धाकट्याने दात घासताना विचारलं. पुण्यात असते तर ‘खडकवासल्याहून’ म्हणून मोकळी झाले असते आणि प्रश्न तिथेच संपला असता. इथे मला उत्तर माहीतच नव्हतं. परदेशात मुलं वाढवताना हे सतत होतं. रस्त्यांची नावं, पुतळे, झाडं, पक्षी, जुन्या इमारती, यातलं मला लहानपणापासून ठाऊक असलेलं काहीच नाही. एरवी याचं मला वाईट वाटतं. पण शिकवण्याच्या बाबतीत तो मोठा आधार ठरला, कारण मुलांबरोबर मीही खरोखर शोधत होते आणि मुलांना ते कळत होतं. आईला उत्तर ठाऊक आहे आणि ती आपल्याकडून काढून घेते आहे, अशी शंका आली की मुलं शोधत नाहीत, आईचा चेहरा वाचत बसतात.

तर आमच्या नळाला क्वीन लेनच्या शुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं आणि ते केंद्र स्कूकलचं पाणी घेतं, इतकं पहिल्या आठवड्यात कळलं. शहराला पाणी पुरवणारी अशी तीन केंद्रं आहेत, दोन स्कूकलवर आणि एक डेलावेअर नदीवर. मुलांनी मोठ्या कागदावर दोन्ही नद्या काढल्या. आमचं घर त्यात नदीपेक्षा मोठं होतं. ते तसंच राहू दिलं.

मग फेअरमाउंट वॉटर वर्क्स. नदीकाठी ग्रीक देवळांसारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या इमारती आहेत, शहरात येणारे लोक त्यांचे फोटो काढतात. ते १८१५ साली सुरू झालेलं पाणीपुरवठ्याचं केंद्र होतं. आधी वाफेची इंजिनं होती. १८२२ साली नदीवर धरण घालून पाणचक्क्या बसवल्या. चक्क्यांच्या जोरावर पंप चालायचे, पाणी शेजारच्या टेकडीवरच्या तलावांत चढायचं आणि तिथून उताराने शहरभर जायचं. आज त्या टेकडीवर कलासंग्रहालय आहे. त्याच्या पायऱ्या ‘रॉकी’ सिनेमामुळे जगभर माहीत झालेल्या. लोक त्या धावत चढतात आणि वर जाऊन हात उंचावतात. आमची मुलं त्या मोजत चढली : ७२. वर पोचल्यावर मोठीने विचारलं, एवढ्या उंच पाणी चढवायला किती ताकद लागत असेल? मी घरी बसून शिकवलं असतं तर हा प्रश्न आला नसता. तिचे पाय दुखत होते म्हणून आला.

घरी आल्यावर पाणचक्की करणं भाग होतं. बाटलीच्या बुचात प्लॅस्टिकच्या चमच्यांचे तुकडे खोचले, मधून विणायची सुई घातली, सुईला दोरा आणि दोऱ्याला अंगुस्तान. नळाखाली धरली की अंगुस्तान वर चढायचं. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायची सवय मला पुण्यात अरविंद गुप्तांच्या पुस्तकांमुळे लागलेली, ती इथे कामाला आली. पहिल्या चक्कीचे चमचे एकाच दिशेला वळलेले नव्हते, त्यामुळे ती गरकन फिरण्याऐवजी डुगडुगत राहिली. मुलांनी काढून पुन्हा लावले. हाताने करायच्या गोष्टींबद्दल माझं मत या वर्षात पक्कं झालं आहे. सोड्याचा ज्वालामुखी, कापसाचे ढग, रंगीत तांदूळ असलं पुष्कळ काही करता येतं आणि दुपार छान जाते. पण मुलाला काहीतरी जाणून घ्यायचं आहे आणि ते केल्याशिवाय कळणार नाही, अशा वेळी केलेली वस्तू वेगळी. ती वस्तू मुलं चार दिवसांनी पुन्हा मागतात.

एवढं मोठं केंद्र बांधायची गरज का पडली, इथे इतिहास आला, आणि तो सोपा नव्हता. १७९३ साली, फिलाडेल्फिया देशाची राजधानी असताना, इथे पीतज्वराची साथ आली. सुमारे पाच हजार माणसं गेली, म्हणजे दहातला एक. सरकारी माणसं, श्रीमंत माणसं शहर सोडून निघून गेली. घाणीने, दूषित हवेने रोग होतो अशी समजूत होती, म्हणून शहर धुण्यासाठी आणि पिण्यासाठी स्वच्छ पाणी हवं अशी मागणी जोरात आली आणि त्यातून १८०१ मध्ये पहिली पाणीयोजना आणि पुढे फेअरमाउंटचं केंद्र उभं राहिलं. पीतज्वर डासांमुळे होतो हे १९०० साली सिद्ध झालं. कारण चुकीचं समजलं होतं आणि काम योग्य झालं, हे सात वर्षांच्या मुलीला पटायला वेळ लागला. तिने ते बाबाला जेवताना समजावून सांगितलं, तेव्हा मला खात्री झाली की तिला कळलं आहे.

साथीत शहर सोडून न गेलेल्यांमध्ये रिचर्ड अ‍ॅलन आणि ॲब्सलम जोन्स हे दोन कृष्णवर्णीय पुढारी होते. दोघेही आधी गुलाम होते. काळ्या लोकांना हा रोग होत नाही असा डॉक्टरांचा समज होता, तो खोटा होता. तरी त्यांच्या लोकांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली, मृतांना पुरलं, आणि त्यांच्यातलेही कित्येक गेले. पुढे त्यांच्यावरच पैसे लाटल्याचे आरोप झाले, तेव्हा त्या दोघांनी १७९४ साली पुस्तिका छापून उत्तर दिलं. सहाव्या आणि लोंबार्ड रस्त्याच्या कोपऱ्यावर अ‍ॅलन यांचं मदर बेथेल चर्च आहे. तळघरात त्यांची समाधी आहे. तिथे उभी असताना मी मुलांना सावित्रीबाईंची गोष्ट सांगितली. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा त्या आजाऱ्यांना मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात नेत होत्या, आणि त्यातच त्यांना प्लेग होऊन १० मार्चला त्या गेल्या. मुलगी म्हणाली, ‘दोघांनाही आधी लोकांनी वाईट वागवलं होतं ना?’ हो म्हणाले. ‘तरी?’ तिने विचारलं. याचं उत्तर मी दिलं नाही. तिच्याजवळ तो प्रश्न राहावा असं मला वाटतं.

हिवाळ्यात सासूबाई वाईहून आल्या. शाळा नाही हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. ‘अगं, पोरं चार मुलांत नकोत का?’ असं त्यांनी आल्या आल्या विचारलं. त्यांचा मुद्दा बरोबरच आहे. आम्ही दर शुक्रवारी पाच-सहा कुटुंबं विसाहिकनच्या जंगलात भेटतो, लायब्ररीत मुलांचा गट आहे, पण त्यासाठी आईबापांना मुद्दाम धडपड करावी लागते. शाळेत सोबत आपोआप मिळते. पाण्याचा विषय मात्र सासूबाईंनी एका दुपारी ताब्यात घेतला. नदीतून आणलेलं गढूळ पाणी मुलं वाळू, कोळसा आणि कापडातून गाळत होती. त्यांनी विचारलं, तुरटी आहे का? इथे लोणच्यासाठी तुरटीची पूड मसाल्यांच्या कप्प्यात मिळते. ती आणली. वाईत पावसाळ्यात कृष्णा लाल व्हायची, तेव्हा हंड्यात तुरटीचा खडा फिरवून ठेवत, सकाळपर्यंत गाळ बसलेला असे, हे त्या सांगत होत्या आणि समोरच्या काचेच्या बरणीत ते होत होतं. मोठ्या शुद्धीकरण केंद्रातही पहिली पायरी हीच असते, आधी गाळाला एकत्र आणून खाली बसवायचं. धाकट्याने आजीला विचारलं, ‘आजी, तू पाण्याच्या ऑफिसात होतीस?’ त्या दिवसापासून सासूबाईंचा विरोध मावळला असं नाही. पण पाढ्यांचा तास त्यांनी स्वतःकडे घेतला, आणि ते फार बरं झालं. कारण वाचन आणि पाढे कोणत्याही सहलीतून पुरेसे येत नाहीत, रोज बसून करावे लागतात.

कायद्यातली ती आगीची ओळही पाण्यातच सापडली. जुन्या फिलाडेल्फियात पाण्याचे नळ लाकडी असत, आतून पोखरलेले ओंडके जमिनीखाली एकमेकांना जोडलेले. आग लागली की रस्ता खणायचा, ओंडक्याला भोक पाडून पाणी घ्यायचं आणि नंतर खुंटी ठोकून ते बंद करायचं. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली शेजाऱ्यांना घेऊन अग्निशमन मंडळी स्थापन केली, त्या काळातल्या चामडी बादल्या आणि हातपंप सेकंड स्ट्रीटवरच्या जुन्या फायर स्टेशनातल्या संग्रहालयात बघायला मिळतात. मुलांनी घरातून बाहेर पडायचे दोन रस्ते काढले, धुराचा अलार्म तपासला. वर्षअखेरीचं पत्र देणाऱ्या शिक्षिकाबाईंनी मोठीला विचारलं, आग लागली तर काय करशील? तिने लाकडी नळांपासून सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पुस्तकांच्या यादीतलं माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’ उघडून चित्रंही पाहिली.

वसंतात आम्ही मासे बघायला गेलो. हिलशाच्या गणगोतातला शॅड मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत वर येतो. १८२२च्या धरणाने त्याची वाट अडली. माशांसाठी चढणीची वाट बांधली गेली १९७९ मध्ये. मोठीने वजाबाकी करून पाहिली, १५७ वर्षं, आणि ती रागावली. मुलांना मोठ्या माणसांचा राग येण्याइतकी माहिती मिळते तेव्हा मला बरं वाटतं.

हे सगळं कुणालाही जमेल असं मी म्हणणार नाही. एका पगारात घर चालवावं लागतं. दोघांना नोकरी करणं भाग आहे अशा घरांना हा पर्यायच नाही. वॉटर वर्क्स, फायर स्टेशनचं संग्रहालय, लायब्ररी, विमानतळाजवळचं जॉन हाइंझ अभयारण्य हे सगळं फुकट आहे, वेळ मात्र फुकट नाही. तरी या शहरात घरी शिकवणारी कुटुंबं मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी वेगवेगळी आहेत. २०२०च्या वसंतात देशातल्या शाळकरी मुलं असलेल्या ५.४ टक्के घरांत मुलं घरी शिकत होती, शरद ऋतूत ११.१ टक्के, आणि कृष्णवर्णीय घरांत हा आकडा ३.३ वरून १६.१ वर गेला, असं जनगणना खात्याच्या पाहणीत दिसलं. आमच्या शुक्रवारच्या गटातल्या एका आजोबांनी नातवाला इतिहास स्वतः शिकवायचा म्हणून घरी ठेवलं आहे. मदर बेथेलला जा, हे त्यांनीच सांगितलं.

पुढच्या वर्षाचं शपथपत्र १ ऑगस्टच्या आत द्यायचं आहे. विषयही ठरला आहे, कारण धाकटा आता मोरीतलं पाणी कुठे जातं ते विचारतो. शहराच्या मोठ्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून वाहतं आणि जोराचा पाऊस झाला की ते मिसळून नदीत उतरतं. ते थांबवण्यासाठी शहराने २०११ पासून २५ वर्षांची योजना हाती घेतली आहे, रस्त्याकडेला पाणी मुरवणारी बागेसारखी खाचरं करून. आमच्या घराजवळ अशी खाचरं कुठे आहेत याचा नकाशा मुलांनी करायला घेतला आहे, आणि पाऊस पडत असताना त्यातलं पाणी किती मिनिटांत मुरतं ते मोजायला पट्टी आणि घड्याळ घेऊन जायचं ठरलं आहे.