चाफळची वाट आणि संगणकाची रेषा

उंब्रज हें गांव बहुतेक वाचकांनीं मोटारीच्या खिडकींतूनच पाहिलें असेल. पुण्याहून कोल्हापुरास जातांना सातारा मागें टाकून सुमारें ३५ किलोमीटर गेलें, कीं तारळीवरचा पूल येतो आणि गांव नजरेंत भरण्यापूर्वींच निघून जातें. तारळी येथेंच कृष्णेस मिळते. पूल नव्हते त्या काळीं मात्र येथें थांबल्यावांचून कोणाचीच सुटका नसे. नदीला उतार असला तर पायीं जावें, नसला तर तरींतून जावें, आणि दोन्हीं नसलें तर काठावर बसून पाणी ओसरण्याची वाट पाहावी. जुन्या रस्त्यांविषयींचें कुतूहल आम्हां उंब्रजकरांना उपजतच असतें, तें यामुळेंच असावें.

गेल्या दिवाळींत माझी पुतणी घरीं आली. ती पुण्यास भूगोल शिकते. फराळाचीं ताटें उचललीं जाण्याच्या आधींच तिनें आपला संगणक उघडला आणि म्हणाली, “काका, नाहींसे झालेले रस्ते यावर शोधून काढतां येतात.” मुलांना शब्द चालवावयास लावण्यांत ज्याचा जन्म गेला, त्याला असलें विधान सहजासहजीं पटत नाहीं. मीं पुरावा मागितला.

तिनें सांगितलें तें असें. इ. स. २००० च्या फेब्रुवारींत एका अमेरिकन अवकाशयानानें अकरा दिवस पृथ्वीभोंवतीं फिरून रडारच्या साह्यानें जमिनीची उंची मोजली. ती माहिती आज कोणासही विनामूल्य मिळते. सुमारें ३० मीटर लांबीरुंदीचा एकेक चौकोन आणि त्या प्रत्येकाची उंची, अशा रीतीनें सबंध सातारा जिल्हा मांडतां येतो. वाल्डो टोब्लर नांवाच्या भूगोलज्ञानें १९९३ सालीं चालणाराच्या वेगाचें एक सूत्र दिलें. सपाटीवर माणूस तासाला सुमारें ५ किलोमीटर चालतो, किंचित् उताराला थोडें अधिक, आणि चढ किंवा उतार जसजसा तीव्र होईल तसतसा त्याचा वेग मंदावतो. हें सूत्र लावून दोन गांवांमधली सर्वांत कमी वेळाची वाट संगणक काढून देतो.

अमरकोशांत रस्त्याला बारा नांवें दिलीं आहेत. त्यांपैकीं ‘पद्धति’ या शब्दाची फोड पद आणि हति, म्हणजे पायांनीं तुडविलेली, अशी होते. पाय जेथें आपोआप वळतात तेथें रस्ता होतो, हें आमच्या शब्दज्ञांनीं एका शब्दांत बांधून ठेवलें होतें; टोब्लरसाहेबांनीं तें गणितांत बांधलें. मी थोडा विरघळलों.

परीक्षेसाठीं मीं चाफळची वाट दिली. समर्थ रामदासस्वामींनीं १६४८ सालीं चाफळास राममंदिर उभारलें, आणि तेथून ते उंब्रजला कृष्णास्नानासाठीं येत, अशी आमच्याकडील परंपरा आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक उंब्रजास आहे, एक वाटेवर माजगांवास आणि दोन खुद्द चाफळांत. नित्य चालणारा माणूस वांकडी वाट धरीत नाहीं, तेव्हां परीक्षेला हेंच उदाहरण योग्य वाटलें.

संगणकानें क्षणांत तांबडी रेषा ओढली. मांड नदीला लागून, ठिकठिकाणीं पात्र ओलांडीत ती खालीं आली. दिसावयास सुरेख होती. माझी आई नव्वदीची आहे. तिनें चष्मा लावून ती रेषा पाहिली आणि म्हणाली, “अगं, ह्या वाटेनं चैत्रांत जाशील, आषाढांत गेलीस तर पाय रुतून बसशील. काळ्या रानांत गुडघाभर चिखल. आम्ही रामनवमीला खालून जात असूं. श्रावणांत जावं लागलं, तर डोंगराच्या कडेकडेनं, मुरमावरनं.”

रडारला चढ कळतो, चिखल कळत नाहीं. पुतणीनें वाद घातला नाहीं. नदी, ओढे आणि काळी जमीन यांच्या चौकोनांना तिनें जबर ‘किंमत’ लावली आणि पुन्हां रेषा मागितली. या खेपेस ती पायथ्याला धरून, लांबचा वळसा घेऊन आली. आम्ही एका रस्त्याचा शोध करीत होतों. उन्हाळी आणि पावसाळी असे ते दोन होते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघें चारेगांवाहून पावसाळी रेषेवर चालूं लागलों. हातांत मोबाइल, त्यावर आमचा निळा ठिपका. कोठें कोठें पायांनीं झिजून खोल गेलेली घळ स्पष्ट दिसे. कोठें नुसता बांध. माजगांवचा मारुति वेशीवरच्या एका पाषाणावर कोरविला असें सांगतात. वेस म्हणजे रस्ता गांवांत शिरण्याची जागा, म्हणून मला फार आशा होती. परंतु दोन्हीं रेषा त्याच्या जवळूनच जात असल्यानें त्यानें निकाल दिला नाहीं. पुढें दोन फर्लांग ऊस लागला, डोक्यावर हातभर. तेथें ना घळ, ना बांध. आम्ही परतलों.

रात्रीं लांबच्या वाटांकडे वळलों. कऱ्हाड म्हणजे प्राचीन करहाटक. सभापर्वांत सहदेवाच्या दिग्विजयांत त्याचें नांव येतें, आणि मध्य भारतांतील भारहुत स्तूपाच्या कठड्यावर येथल्या दात्यांचे लेख आहेत. इतक्या दूर दान पोंचविणारें गांव रस्त्यावांचून असणें शक्य नाहीं. कऱ्हाड ते चिपळूण ही रेषा कोयनेच्या खोऱ्यानें पाटण, हेळवाक करून कुंभार्ली घाटांत उतरली; आजची मोटारही तेथूनच जाते. पण साताऱ्याहून वासोट्याची वाट मागतांच रेषा शिवसागर जलाशयावरून सुतानें आखल्यासारखी सरळ गेली. कोयना धरण १९६४ च्या सुमारास पुरें झालें. रडारनें मोजला तो पाण्याचा पृष्ठभाग, आणि संगणकाला तें मैदान वाटलें. त्या मैदानाखालीं गांवें आहेत. माझ्या वर्गांत धरणग्रस्तांचीं मुलें असत. आजोळाची वाट या विषयावर निबंध घातला, कीं तीं कोरी वही पुढें करीत. मलाच तें समजावयास दोन वर्षें लागलीं. अशा ठिकाणीं धरणापूर्वीचे सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे मिळवून, त्यांवरच्या वाटा हातानें गिरविल्यावांचून उपाय नाहीं.

रोमन साम्राज्यांतील रस्त्यांचा एक मोठा नकाशा युरोपांतील संशोधकांनीं २०२५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत सुमारें ३ लक्ष किलोमीटर रस्ते आहेत. पण ज्यांची जागा नेमकी ठाऊक आहे असे रस्ते शेंकडा ३ सुद्धां नाहींत, हें त्यांनीं स्वतःच नमूद केलें आहे. ज्यांनीं दगडी फरसबंदी केली त्यांची ही गत, मग आमच्या मातीच्या वाटांची काय कथा! पुतणीनें तोच प्रामाणिक मार्ग धरला. आम्ही चालून पाहिलें तेथें अखंड रेषा, आईच्या सांगण्यावरून काढली तेथें तुटक, आणि नुसत्या संगणकाची तेथें ठिपके.

उसाचे ते दोन फर्लांग अजून ठिपक्यांचेच आहेत. आईचें म्हणणें, तेथें एक पिंपळ होता आणि त्याला उजव्या हातास ठेवून वाट वर चढत असे. शेताच्या मालकाला पिंपळ आठवत नाहीं. त्याच्या वडिलांनाही आठवत नव्हता म्हणे. ऊस माघांत तुटेल. “मला गाडींत घालून न्या,” आई म्हणते, “आणि बांधावर उतरवा, म्हणजे दाखवितें.” पुतणीनें माघांतले दोन दिवस आतांच राखून ठेवले आहेत.