नव्या घराची चावी आणि हप्त्याचा सोफा

आमच्या झोपडीच्या जागी इमारत उभी राहिली आणि २०१७ साली सातव्या मजल्यावरच्या २६९ चौरस फुटांच्या घराची चावी हातात पडली. आईने दारावरून हात फिरवला. "आतून कडी नीट लागते का रे?" एवढेच तिने विचारले. पत्र्याच्या दारामागे तिची चाळीस वर्षे गेली होती.

त्याच आठवड्यात मी चूक केली. शेजारी सोफा आला, मोठा टीव्ही आला. पाहुणे घर बघायला येणार, त्यांना बसवायचे कुठे? मी बी.कॉम. झालेला कारकून, वस्तीत लोकांचे अर्ज भरून देणारा, बैठकीत काटकसरीवर बोलणारा. तरीही दुकानात "बिनव्याजी हप्ता" ऐकून सही करून मोकळा झालो. पत्नी म्हणाली होती, "अहो, आधी पाणी साठवायची सोय बघा." मी ऐकले नाही.

हप्ते सुरू झाले. शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स, जो झोपडीत कधी भरावा लागला नव्हता. जूनमध्ये मुलीच्या दहावीच्या क्लासची फी भरायची वेळ आली आणि खिशात काही नव्हते. पत्नीने कानातले काढून माझ्यापुढे ठेवले. बोलली काहीच नाही. मुलगी सोफ्याशेजारी फरशीवर वही ठेवून वाकून लिहीत होती. टेबल ठेवायला जागाच उरली नव्हती.

त्या रात्री मी हिशेब मांडला. समजा, वस्तू रोखीने २२,००० रुपयांना मिळते. हप्त्याने २,००० चे १२ हप्ते, वर १,००० रुपये प्रोसेसिंग फी. म्हणजे एकूण २५,०००. पण दरमहा मुद्दल कमी होत जाते हे धरले तर हे व्याज वर्षाला पंचवीस टक्क्यांच्या आसपास जाते. शून्य टक्के व्याज असे काही नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. दुसऱ्यांचे कागद वाचणाऱ्या मी स्वतःचा कागद वाचला नव्हता.

सोफा निम्म्या किमतीत विकला. त्या पैशांत साधे टेबल, घडीची खुर्ची आणि झाकणाचे पिंप आले. कानातले सोडवायला आठ महिने लागले.

आज ज्यांच्या हाती चावी येते आहे, त्यांना एवढेच सांगणे. पहिल्या महिन्यात पाण्याचे पिंप, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, दिवे, पंखा आणि मुलांना अभ्यासाचे टेबल एवढेच घ्या. कुकर आयएसआय मार्क पाहूनच घ्या. गॅसची नळी जुनी आणू नका. ती पाच वर्षांनी बदलायचीच असते. पंखा घेताना स्टार बघा. साधा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा युनिट वाचतात. फ्रिज दोन-तीन महिने पैसे साठवून रोखीने घ्या. आणि दुकानात जाण्याआधी घरातल्या बाईला विचारा. कुठे काय कमी पडते ते तिला ठाऊक असते.

सोफा गेल्यावर आईने जुनी सतरंजी अंथरली. पाहुणे आले, त्यावर मांडी घालून बसले, चहा घेतला, गप्पा मारून गेले. सोफा कुठे, असे कुणीही विचारले नाही.

ते टेबल अजून खिडकीपाशी आहे. मुलगी आता नोकरीला लागली. तिथे धाकटा बसतो.