हरवलेली अनुक्रमणिका

पुस्तकातील अनुक्रमणिकेचे पान फाटले म्हणून कोणी ते पुस्तक रद्दीत घालीत नाही. प्रकरणे जागच्या जागी असतात. कोणते कोठे सुरू होते एवढे मात्र पाने उलटून पाहावे लागते. संगणकाच्या हार्ड डिस्कचेही पुष्कळ अंशी असेच आहे, हे आम्हांस वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी कळले. ज्या निमित्ताने कळले त्याचा संबंध येथील अनेक मराठी घरांशी असल्यामुळे ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते.

सुरतेस मराठी माणूस नवा नाही. मराठी व्याकरणाचे कर्ते दादोबा पांडुरंग तर्खडकर येथे शिक्षक असताना १८४४ साली त्यांनी दुर्गाराम मेहताजींच्या साथीने मानवधर्म सभा स्थापिली, हे आम्ही प्रत्येक नव्या शिक्षकास एकदा तरी ऐकवितोच. पण दादोबांच्या वाटेने आलेले थोडे. मागांवर आणि कारखान्यांत काम करावयास खानदेशातून आलेलेच फार. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांतल्या आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरी अहिराणी बोलली जाते.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. पाणी ओसरल्यावर कपडे वाळले, भांडी घासून निघाली. कागद मात्र गेले. लग्नातली छायाचित्रे एकमेकांस चिकटून त्यांच्या विटा झाल्या. ज्यांचे काही वाचले त्यांच्याकडून ते मागून आणावे, त्याच्या प्रती संगणकात उतरवून मूळ वस्तू परत करावी, असा उद्योग आम्ही काही वर्षांपूर्वी मुलांच्या मदतीने आरंभिला. छायाचित्रे, गावाकडून आलेली पत्रे, भजनाच्या वह्या असे सुमारे अकराशे नग जमले. त्यांतच एका विद्यार्थिनीच्या आजींनी म्हटलेल्या आखाजीच्या गाण्यांचे तीस मिनिटांचे ध्वनिमुद्रण होते. त्या माउली २०२१ साली निवर्तल्या. त्यांची गाणी अन्यत्र कोठेही नोंदलेली नव्हती.

हे सर्व ज्या जुन्या संगणकात होते त्याची विंडोज १० ही प्रणाली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिच्या नियमित विनामूल्य सुधारणा थांबल्या, आणि विंडोज ११ त्या वृद्ध यंत्रास मानवेना. तेव्हा आमच्या एका माजी विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स प्रणाली बसवून देण्याचे हौसेने अंगावर घेतले. मुलगा हुशार आणि मनाचा चांगला. परंतु डिस्कचे विभाग कसे पाडावेत हे विचारणाऱ्या पडद्यावर त्याने संपूर्ण डिस्क वापरण्याचा पर्याय निवडला. जुने विभाग पुसले गेले, नवा आखला गेला, फायली उतरू लागल्या, आणि तिसरा हिस्सा उतरला असेल-नसेल तोच वीज गेली. ती परत आली तेव्हा यंत्र ना विंडोजचे राहिले होते, ना लिनक्सचे झाले होते. दुरुस्तीच्या दुकानात निकाल मिळाला, "साहेब, डेटा तो गयो. फॉर्मेट करी नाखो."

तो सल्ला ऐकला असता तर खरोखरच सारे गेले असते. त्या मुलाचा अभियांत्रिकी शिकणारा एक मित्र होता, त्याने पहिली गोष्ट केली ती ही की संगणकाची तार काढून टाकली आणि त्या डिस्कवर आता एक अक्षरही लिहावयाचे नाही असा दंडक घातला. त्याचे कारण त्याने आम्हांस समजावून दिले, ते आम्ही आमच्या भाषेत सांगतो.

जुन्या धाटणीच्या डिस्कच्या अगदी पहिल्या खणात ५१२ बाइट मावतात. त्यांपैकी अवघ्या ६४ बाइटांत डिस्कचे कोणते भाग कोठून कोठवर आहेत याचा तक्ता असतो. देवनागरीचे एक चिन्ह संगणकात सामान्यतः तीन बाइट व्यापते. म्हणजे या ६४ बाइटांत एकवीस चिन्हे मावतील. एक ओवीही पुरती बसावयाची नाही! आमची डिस्क ५०० जीबीची, तिच्यात असे खण ९७ कोटी ६७ लाखांवर. पहिल्या एका खणातला तक्ता बदलला म्हणून बाकीच्या कोट्यवधी खणांतला मजकूर उडून जात नाही. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो तेथेच पडून असतो. (ही सोय फिरत्या तबकडीच्या डिस्कची. हल्लीच्या एसएसडीमध्ये पुसलेली जागा यंत्र पुष्कळदा आपणहून लगोलग रिकामी करून टाकते. तेथे इतकी आशा धरू नये.)

मग त्याने एक मोठी डिस्क आणवली आणि मूळ डिस्कची खणाबरहुकूम नक्कल तीवर उतरविली. चार तासांहून अधिक वेळ लागला. पुढचे सर्व प्रयोग नकलेवर. मूळ डिस्क कपाटात कुलूपबंद. मूळ पोथीला हात न लावता प्रतीवर काम करावे, हा आमच्या संशोधकांचा शिरस्ता या मुलास कोणी शिकविला होता, कोण जाणे.

नकलेवर त्याने टेस्टडिस्क नावाचे साधन चालविले. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाने लिहिलेले हे साधन विनामूल्य आहे. हरवलेल्या विभागांच्या खुणा शोधीत ते डिस्क धुंडाळते. विंडोजच्या एनटीएफएस रचनेत विभागाच्या आरंभीच्या खणाची एक प्रत विभागाच्या शेवटीही ठेवलेली असते, तिचाही अशा वेळी उपयोग होतो. तासाभरात पडद्यावर जुना दुसरा विभाग उभा राहिला, आणि त्यातल्या सातशेंवर फायली आपापल्या नावांनिशी परत आल्या. काही मराठी मजकूर उघडला तो मात्र परग्रहावरच्या लिपीत! तो यूनिकोडपूर्व काळच्या फॉण्टात टंकलेला होता. एका छापखानेवाल्याकडे तो फॉण्ट अजून होता म्हणून निभावले.

पहिल्या विभागाची गोष्ट निराळी. नव्या प्रणालीच्या फायली नेमक्या तेथे उतरू लागल्या होत्या, आणि डेस्कटॉपवर ठेवलेली छायाचित्रे व ते ध्वनिमुद्रण त्याच भागात. येथे अनुक्रमणिकेबरोबर काही पानेही गेली होती. तेव्हा टेस्टडिस्कचेच भावंड असलेले फोटोरेक कामास लावले. ते नावांच्या नादी लागतच नाही. छायाचित्राच्या किंवा ध्वनीच्या फायलीचा आरंभ कसा दिसतो हे त्यास ठाऊक असते, तेवढ्या खुणेवर ते खणामागून खण चाळीत जाते. सोनारांच्या दुकानांपुढची माती धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे असत. येथे त्यांना धूळधोया म्हणतात, आणि हिऱ्यांच्या या गावात रस्त्यावरची धूळ चाळणारी माणसे आजही दिसतात. त्यांचीच ही जात.

हाती आल्या त्या तीनशेंवर छायाचित्रांची नावे गेलेली; नुसते आकडे. आता काम आमच्या आवाक्यातले होते. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड काढले, त्यांतील कितीतरी पत्रांवर तिथी आणि वार आहे, पण सालाचा पत्ता नाही. मजकुरातील माणसे, प्रसंग, तिथीवाराचा मेळ यांवरून साल ठरवावे लागे. एम. ए.च्या वर्गात तो खटाटोप आम्हांस कंटाळवाणा वाटे. या वेळी आठवीच्या मुलांना घेऊन आम्ही तेच केले. भिंतीवरचे कॅलेंडर, पाठीमागची दुकानाची पाटी, नऊवारी की पाचवारी, यांवरून घरे लावली. मुले आमच्यापेक्षा तरबेज निघाली. एका मुलीने तर शिवणयंत्राच्या झाकणावरून आपले घर ओळखले.

आखाजीची गाणी पुरती मिळाली नाहीत. ध्वनिमुद्रण डिस्कवर तुकड्यातुकड्यांत विखुरलेले होते. सलग सापडला तो आरंभीचा अकरा मिनिटांचा भाग, बाकीच्यावर नवी प्रणाली लिहिली गेली होती. गाणे एका चरणाच्या मध्यावर तुटते. ती विद्यार्थिनी आता महाविद्यालयात आहे. तिला बोलावून ऐकविले, तेव्हा तुटलेला चरण तिने खालच्या आवाजात पुरा केला, आणि पुढचे एक गाणेही म्हटले. बाकीची तिच्या मावशीला येत असावीत, असे ती म्हणाली. मावशी धुळ्याकडे असतात. उन्हाळ्याच्या सुटीत मुलीने तिकडे जाऊन ती मुद्रित करून आणावयाची, असे ठरले आहे.

सर्व संग्रहाच्या आता दोन प्रती आहेत. एक शाळेत, दुसरी एका स्नेह्यांच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. २००६ चे पाणी तेथवर चढले नव्हते.

त्रेपन्न छायाचित्रे अद्याप बेवारस आहेत. त्यांपैकी एकात फेटा बांधलेले एक वृद्ध गृहस्थ मागापाशी उभे असून त्यांच्या कडेवर झबले घातलेले मूल आहे. मागे भिंतीवर विठ्ठलाची तसबीर, तिची काच उजव्या कोपऱ्यात तडकलेली. वाचकांपैकी कोणाच्या घरी तशी तसबीर असल्यास अवश्य कळवावे.